आतली शिलाई आणि पंधरा हजारांची सायकल

पत्र : ‘मी साताऱ्यात राहते. घरी शिवणकाम करते, मिस्टर एमआयडीसीत कामाला आहेत. मुलगा नववीत, वय चौदा, उंची पाच फूट तीन इंच. दिवाळीपासून त्याने “एमटीबी (माउंटन बाइक) पाहिजे”चा धोशा लावलाय. शाळा घरापासून चार किलोमीटर. रविवारी त्याचे मित्र यवतेश्वरचा घाट चढून कासच्या बाजूला सायकलने जातात आणि हा घरी बसून राहतो. आता भिशी लागलीय, पंधरा हजार हातात आहेत. दुकानात त्याला एक सायकल आवडली : पुढे-मागे स्प्रिंग, दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक, एकवीस गिअर, जाड टायर, किंमत साडेतेरा हजार. मिस्टर म्हणतात, चार महिन्यांचं खूळ आहे, साधी काळी सायकल घे. शेजारचे म्हणतात, ऑनलाइन स्वस्त पडेल. मला सायकलीतलं काही कळत नाही. काय घेऊ?’

ताई, नमस्कार.

‘मला सायकलीतलं काही कळत नाही’ एवढं वाक्य सोडून तुमचं बाकी सगळं पत्र मला पटलं. कोणी तयार ड्रेस अल्टरला आणून दिला की तुम्ही आधी तो उलटा करता. शिलाई कशी घातलीय, माया किती सोडलीय, अस्तर कसलं लावलंय ते बघता. कापडाचा रंग नंतर. सायकल घेतानाही हेच करायचं असतं. दुकानात समोर चमकतं ते सगळं बाहेरचं कापड. आतली शिलाई कुठे बघायची, तेवढं मी सांगतो.

आधी उत्तर देतो, म्हणजे तुमचा जीव टांगणीला राहायला नको. ती साडेतेरा हजारांची सायकल घेऊ नका. साधी काळीही नको. तिला एकच गिअर, वजन भरपूर. चार किलोमीटर शाळेला ती आरामात जाईल, पण घाट चढणार नाही, आणि मुलाचं मन घाटात आहे. बारा हजारांच्या आसपासची, मागे स्प्रिंग अजिबात नसलेली, अ‍ॅल्युमिनियमच्या रिमची, चढाला हलका गिअर असलेली सायकल घ्या. उरलेले तीन हजार हेल्मेट, पंप, कुलूप, दिवे आणि पहिल्या सर्व्हिसिंगसाठी राखून ठेवा. किंवा त्याच पैशात चांगल्या घरातली वापरलेली सायकल बघा. त्याबद्दल पुढे लिहितो.

आता मागच्या स्प्रिंगचं. मुलाला नेमका तोच आवडला असणार, म्हणून त्यावर जरा थांबतो. साडेतेरा हजारांत दुकानदाराचा नफा आला, वाहतूक आली, कर आला, कंपनीचा खर्च आला. उरलेल्या पैशात मागचा स्प्रिंग, तो हलता ठेवणारे सांधे, पुढचा स्प्रिंगचा फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा), दोन डिस्क आणि जाड टायर बसवायचे म्हटल्यावर पैसे कुठून तरी काढावे लागतात. ते काढले जातात हबमधून (चाकाच्या मधल्या तुंब्यातून), छर्ऱ्यांतून, रिममधून, पायडलमधून, ब्रेकच्या केबलमधून. म्हणजे जे दुकानात दिसत नाही आणि रोज झिजतं, त्यातून.

शिवाय तो स्प्रिंग चढाला मदत करत नाही, उलट खातो. घाटात पायडलवर जोर दिला की त्यातला काही जोर स्प्रिंग दाबण्यात जातो आणि सायकल खाली-वर डुलत राहते. चांगल्या सायकलींत हे टाळायला तेल आणि हवा भरलेले शॉक असतात, सांधे कुठे असावेत याचा बारीक हिशोब केलेला असतो. तशी सायकल लाखाच्या घरात जाते. स्वस्त सायकलीत तिथे नुसता लोखंडी स्प्रिंग असतो, दाबला की तेवढाच उसळणारा. त्यात वजन. अशा सायकली अठरा-वीस किलोपर्यंत सहज जातात. तुमचा मुलगा पंचेचाळीस-पन्नास किलोचा असेल, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या एक तृतीयांशाहून जास्त लोखंड तो घाट चढवत नेणार. दुकानात ती सायकल आणि मागे स्प्रिंग नसलेली एक सायकल, दोन्ही त्याला आळीपाळीने उचलून दोन पायऱ्या चढायला सांगा. तुम्ही काही बोलू नका. हातच सांगतील.

माझी पहिली गिअरची सायकल अशीच होती, मागे पिवळा स्प्रिंग. पहिल्या पावसाळ्यात सांध्यातले प्लॅस्टिकचे बुश झिजले आणि मागचं चाक बाजूला डुलायला लागलं. तो बुश एकाही दुकानात मिळेना. शेवटी लेथवाल्याकडून करून घेतला, तोही टिकला नाही. नंतर दीड वर्ष ती सायकल गॅलरीत उभी होती आणि घरचे म्हणत होते, पोराची हौस संपली. हौस होती, रोज संध्याकाळी मी तिच्याकडे बघत बसायचो. तुमच्या मिस्टरांना ज्या चार महिन्यांच्या खुळाची भीती वाटते, ते बऱ्याच घरांत असंच संपतं. आधी सायकल मोडते, मग मुलाची हौस मोडल्यासारखी दिसते.

मुलाला एक गोष्ट जरूर सांगा. माउंटन बाइक जन्मली तेव्हा तिला एकही स्प्रिंग नव्हता. १९७६ साली कॅलिफोर्नियात, मॅरिन काउंटी नावाच्या डोंगराळ भागात, काही तरुण जुन्या, जड, जाड टायरच्या सायकली डोंगरावर नेऊन कच्च्या रस्त्याने खाली शर्यती लावायला लागले. पायडल उलटं दाबलं की मागच्या हबमध्ये लागणारा ब्रेक असायचा त्या सायकलींना. उतारावर तो इतका तापायचा की हबमधलं ग्रीस जळून जायचं आणि खाली पोचल्यावर हब उघडून नवं ग्रीस भरायला लागायचं. त्यावरून त्या उताराचं नावच ‘रिपॅक’, म्हणजे ‘पुन्हा भरा’, पडलं. पुढे १९८१ मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीने ‘स्टम्पजम्पर’ आणली, कारखान्यात मोठ्या संख्येने बनलेली पहिली माउंटन बाइक. तिलाही स्प्रिंग नव्हता. होते ते जाड टायर, चढाला हलके गिअर आणि नीट लागणारे ब्रेक. डोंगरात सायकल या तीन गोष्टींवर चालते. पुढचे स्प्रिंग त्यानंतर जवळपास दहा वर्षांनी रुळले.

पुढच्या स्प्रिंगवर मी अडून बसणार नाही. या किमतीतला पुढचा फोर्कही जडच असतो आणि तो नसलेली सायकल हलकी आणि टिकाऊ पडते. पण चौदा वर्षांच्या मुलाला मित्रांमध्ये जायचंय, आणि त्याच्या मनातलं थोडं तरी त्याला मिळायला हवं. पुढचा असू दे, मागचा नको, असा सौदा करा. रंग पूर्ण त्याच्या मनाचा. चार इंची जाड टायर मात्र नको. ते बर्फ आणि वाळूसाठी निघाले; डांबरी रस्त्यावर ते नुसते ओढत न्यावे लागतात. दोन इंचांच्या आसपासचा टायर, मध्यभागी नक्षी जरा सपाट आणि कडेला उंच, हा शाळेलाही बरा आणि कच्च्या रस्त्यालाही.

आता दुकानात जाताना पर्समध्ये दोन वस्तू टाका. एक तुमची मापाची टेप, दुसरी फ्रिजवर चिकटवायचं लोहचुंबक.

चुंबक चाकाच्या रिमला लावून बघा. चिकटलं तर रिम लोखंडाची आहे, ती सायकल तिथेच सोडा. क्रोम केलेली लोखंडी रिम ओली झाली की ब्रेकचं रबर नुसतं घसरतं; ब्रेक दाबला तरी चाकाचे काही फेरे काहीच होत नाही. यवतेश्वर-कासच्या पावसात उतरताना असले फेरे परवडत नाहीत. चाकाला डिस्क ब्रेक असेल तरी लोखंडी रिम नकोच, ती जड असते आणि गंजते. ‘डबल वॉल अलॉय रिम’ असं विचारा. आत दुहेरी भिंत असलेली रिम खड्ड्यांना तग धरते. मग तेच चुंबक क्रँकला (ज्या दांड्यावर पायडल बसतं त्याला), हँडलला, सीटच्या दांड्याला लावा. या सगळ्या ठिकाणी अ‍ॅल्युमिनियम असेल तर कंपनीने आतल्या शिलाईवर पैसे घातलेत असं समजायला हरकत नाही. फ्रेमला मात्र चुंबक चिकटलं म्हणून घाबरू नका. चांगली लोखंडी फ्रेम अनेक वर्षं टिकते, वाकली तर सरळ होते, तुटली तर वेल्डिंग होते. फ्रेम अ‍ॅल्युमिनियमची आणि रिम लोखंडाची, असली सायकल म्हणजे वरून रेशीम आणि आत कच्चा टाका.

त्यानंतर चाक जमिनीपासून उचलून फिरवा. ब्रेकच्या रबराजवळ डोळा लावून बघा, रिम डावी-उजवीकडे नाचते का. थोडा आउट असेल तर मेकॅनिक तारा ताणून काढून देतो, पण नव्या सायकलीचा आउट दुकानातून निघायच्या आधीच काढून घ्यायचा. चाक हाताने बाजूला हलवून बघा. कडकड वाजलं तर कोन, म्हणजे हबमधल्या छर्ऱ्यांना दाबून धरणारे नट, सैल आहेत. चाक फिरताना हाताला खरखर जाणवली तर कोन जास्त आवळलेत किंवा छर्ऱ्यांत ग्रीस नाही. सायकल नवी असली तरी या दोन्ही गोष्टी सर्रास असतात. दुकानदाराला सांगून समोर उभं राहून करून घ्या. नाराज झाला तरी चालेल.

ब्रेकबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. डिस्क दिसायला भारी, आणि चांगली डिस्क चिखलात-पावसात खरोखर चांगली चालते. पण या किमतीत जी डिस्क मिळते ती केबलवर चालणारी असते आणि तिच्यात बहुधा एकच पॅड हलतं, दुसरं जागच्या जागी. पॅड झिजत गेलं की ते दुसरं पॅड हाताने आत घ्यावं लागतं. हे घरात कोणाला माहीत नसतं आणि दोन महिन्यांनी ‘ब्रेकच लागत नाही’ अशी तक्रार सुरू होते. सायकल लावताना कुठे धक्का बसला की पातळ डिस्क वाकते आणि घासत राहते. याउलट अ‍ॅल्युमिनियमच्या रिमवर चांगला व्ही-ब्रेक, म्हणजे दोन्ही बाजूंनी रबराने रिम दाबणारा ब्रेक, असेल तर तो भरपूर ताकदीचा असतो, रबर झिजलंय ते बाहेरून दिसतं, आणि नवी रबरं कोपऱ्यावरच्या दुकानातही मिळतात. म्हणून साधी डिस्क आणि चांगला व्ही-ब्रेक समोरासमोर आले तर मी व्ही-ब्रेक घेईन. मुलगा डिस्कसाठीच अडला तर घ्या, पण दुकानातल्या मेकॅनिककडून पॅड कसं आत घ्यायचं ते त्याला तिथेच शिकवून घ्या. आणखी एक बघा. ब्रेकचं लीव्हर त्याच्या दोन बोटांत सहज येतं का? लहान हाताला लीव्हर लांब पडतं. बहुतेक लीव्हरला एक छोटा स्क्रू असतो, तो फिरवला की लीव्हर हँडलच्या जवळ येतं.

‘एकवीस गिअर’ या आकड्याने दिपून जाऊ नका. पुढे तीन चक्र्या, मागे सात, गुणाकार एकवीस. त्यातले कितीतरी एकमेकांसारखेच असतात. घाटासाठी एकच गिअर बघायचा, सगळ्यात हलका. त्यासाठी पुढच्या सगळ्यात लहान चक्रीचे दात आणि मागच्या सगळ्यात मोठ्या चक्रीचे दात मोजा. पुढे २८ आणि मागेही २८ असतील तर पायडलच्या एका फेऱ्यात चाकाचा एक फेरा होतो, म्हणजे २६ इंची चाक साधारण दोन मीटर पुढे जातं. पुढे २४ आणि मागे ३४ असतील तर त्याच एका फेऱ्यात चाक दीड मीटरच्याही आत सरकतं. पाय जास्त फिरतात, पण चढ हलका होतो. सातारा शहर समुद्रसपाटीपासून सातशे मीटरच्या वर आणि कासचं पठार बाराशेच्या आसपास. वीस-पंचवीस किलोमीटरच्या रस्त्यात साडेचारशे-पाचशे मीटर चढायचे, त्यातला बराचसा चढ सुरुवातीच्या घाटात. तिथे हे चार-सहा दात मोजून घेतल्याचं समाधान मिळतं. मागे ३४ दातांचं फ्रीव्हील (मागच्या चक्र्यांचा जुडगा) मिळालं तर उत्तम. सायकल सगळ्या बाजूंनी चांगली आहे पण मागे २८ च आहेत, असं झालं तर दुकानदाराला फ्रीव्हील बदलून द्यायला सांगा. फार मोठा खर्च नाही. फक्त मागचा गिअर बदलणारा डिरेल्युअर एवढी मोठी चक्री पेलतो का आणि चेन पुरते का, ते त्याच्याकडून बघून घ्या. डिरेल्युअरवर शिमानो कंपनीचं टर्नी दिसलं तर ते त्यांचं सगळ्यात साधं, तरी वर्षानुवर्षं चालणारं काम आहे. अल्टस दिसलं तर एक पायरी वर. नाव फक्त मागच्या डिरेल्युअरवर आहे की हँडलवरच्या शिफ्टरवरही, तेही बघा. पुष्कळदा नाव एका ठिकाणी चिकटवतात आणि बाकीचं भलतंच असतं.

माप तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं घ्याल. पँटची आतली लांबी घेता तशी, अनवाणी, जांघेपासून जमिनीपर्यंत. त्या इंचांना ०.५७ ने गुणा, माउंटन बाइकच्या फ्रेमचं ढोबळ माप निघतं. पाच फूट तीन इंचांच्या मुलाचं आतलं माप २९ इंचांच्या आसपास असेल, म्हणजे साडेसोळा इंचांची फ्रेम. मग दोन पाय जमिनीवर टेकवून त्याला फ्रेमच्या दांड्यावर उभं करा, मध्ये दोन इंच तरी मोकळे राहायला हवेत. ‘वाढत्या अंगाचा मुलगा आहे, मोठीच घ्या’ असं दुकानदार म्हणेल. शाळेचा युनिफॉर्म शिवताना तुम्ही पायाशी माया ठेवता, अख्खी पँट दोन नंबर मोठी शिवत नाही. सायकलीत ती माया सीटच्या दांड्यात असते. आज दांडा खाली ठेवला आणि वर पाच-सहा इंच निघायला जागा असली की पुढची दोन-तीन वर्षं निघतात. दांड्यावर एक रेघ कोरलेली असते, तिच्यावर दांडा कधी काढायचा नाही. सीटची उंची अशी लावा : सीटवर बसून टाच पायडलवर ठेवली आणि पायडल अगदी खाली नेलं की गुडघा सरळ व्हायला हवा. मग चवड्याने पायडल मारताना गुडघ्यात हवा तेवढाच बाक राहतो. आपल्याकडे मुलं सीट खाली ठेवून गुडघे छातीला लावत चालवतात आणि चढावर मांड्या भरून आल्या की सायकलला दोष देतात.

कंपनीचं नाव सांगा, असं तुम्ही विचारलं नाहीत, पण मनात असेलच. हिरो, हर्क्युलिस, फायरफॉक्स, डेकॅथलॉनची रॉकरायडर, ही नावं साताऱ्या-पुण्यात सगळ्यांच्या तोंडी आहेत. मी एका मॉडेलवर बोट ठेवत नाही. एकाच नावाखाली दरवर्षी आतले भाग बदलतात आणि गेल्या वर्षी चांगली असलेली सायकल यंदा लोखंडी रिम घेऊन येऊ शकते. नावापेक्षा तुमच्या गावात तिची दुरुस्ती कोण करतो याला महत्त्व द्या. घरापासून चालत जाता येईल अशा दुकानातून घेतलेली सायकल पाचशे रुपये महाग पडली तरी वर्षभरात ते वसूल होतात.

म्हणूनच शेजाऱ्यांचा ऑनलाइनचा सल्ला मला पटत नाही. खोक्यातून येणारी सायकल अर्धवट जोडलेली असते. हँडल, पुढचं चाक, पायडल, ब्रेक घरी बसवावे लागतात. डाव्या पायडलची आटी उलटी असते, घड्याळाच्या उलट दिशेने आवळायची. हे माहीत नसताना उजवं पायडल डावीकडे जोर लावून बसवलं की क्रँकची आटी कायमची जाते. पुढचा फोर्क मागचा पुढे बसवलेल्या सायकली मी रस्त्यावर पाहिल्यात आणि त्यावर मुलं उतार उतरत होती. ऑनलाइनच घ्यायची वेळ आली तर जोडणीचे पैसे चांगल्या मेकॅनिकला द्या आणि तो जोडत असताना मुलाला शेजारी बसवा.

दुकानात पक्कं बिल घ्या, फ्रेम नंबर बिलावर लिहून घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलींवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा जुन्या छापील किमतीवर बोलणी होत असतील तर ते विचारायला संकोच करू नका.

आता वापरलेल्या सायकलीचं. मिस्टरांना हा मार्ग पटेल असं वाटतं. २०२० च्या लॉकडाउनमध्ये कितीतरी घरांत गिअरच्या सायकली आल्या आणि पुढे सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये धूळ खात उभ्या राहिल्या. वीस-पंचवीस हजारांची सायकल निम्म्या किमतीत मिळू शकते आणि बारा हजारांत त्या दर्जाची नवी मिळणं अशक्य आहे. उभी राहिलेली सायकल आणि वापरून खंगलेली सायकल यातला फरक तुमची टेप सांगेल. चेनच्या एका पिनेच्या मध्यावर टेपचं शून्य धरा आणि बारा इंचांवर बघा. चेन ताजी असेल तर बारा इंचांवर बरोबर पिनेचा मध्य येतो. पिन एक अष्टमांश इंच पुढे सरकली असेल तर चेन संपलीय, आणि तिच्याबरोबर बहुधा मागचं फ्रीव्हीलही. मग तेवढे पैसे किमतीतून कमी करा. उभ्या राहिलेल्या सायकलीचे टायर कडेला तडकलेले असतात, केबल गंजलेल्या असतात. टायर-ट्यूब, केबल, ब्रेकची रबरं आणि सगळीकडे नवं ग्रीस एवढा खर्च धरूनच भाव ठरवा. फ्रेमच्या जोडांजवळ रंगात केसाएवढी चीर दिसली तर किंमत कितीही कमी असो, परत या. मालकाकडून मूळ बिल मागा. चोरीची सायकल स्वस्तात घ्यायची वेळ मुलावर आणू नका.

सायकल घरी आली की पंधरा-वीस दिवसांनी ती पुन्हा दुकानात न्यायचीच. नव्या केबल या काळात ताणल्या जातात, तारा बसतात, क्रँकचे नट सैल पडतात. सैल क्रँक तशीच चालवली की तिचं चौकोनी भोक गोल होतं आणि क्रँकच टाकावी लागते. घरी फक्त दोन कामं : आठवड्याला हवा, टायरच्या कडेला लिहिलेल्या आकड्यांच्या आत, आणि पावसात भिजली की चेन फडक्याने कोरडी करून चेनचं तेल, जास्तीचं पुसून. गाडीचं जुनं ऑइल घालू नका, त्यात धूळ चिकटून करवतीसारखी चेन खाते. फडकी तर तुमच्याकडे भरपूर असतील.

हेल्मेट सायकलीच्या दिवशीच घ्यायचं, ‘पुढच्या महिन्यात बघू’ करायचं नाही. डोक्यावर घालून पट्टा न लावता मान हलवायला सांगा. सरकून डोळ्यांवर आलं तर लहान नंबर बघा. कपाळ झाकलं पाहिजे, मागे कललेलं हेल्मेट टोपीइतकंच कामाचं.

कासबद्दल त्याला एक अट घाला. २०१२ पासून हे पठार पश्चिम घाटाचा भाग म्हणून जागतिक वारशात आहे, आणि त्याचं नाव आहे ते तिथल्या फुलांमुळे. जांभ्या खडकावर मातीचा पातळ थर आणि त्यात ती फुलं. टायरने तो थर उकरला की पुढच्या पावसात वाहून जातो. सायकल रस्त्यावर, पठारावर पायी, तेही जिथे जायला परवानगी आहे तिथेच.

आणि सगळ्यात जास्त ज्याचा विचार मी तुमचं पत्र वाचताना केला, तो घाट उतरतानाचा. चढताना मुलाला काही होत नाही, फार तर दमेल आणि उतरून चालेल. उतरताना सगळं ब्रेकवर आणि त्याच्या हातांवर. घाटात जायच्या आधी शाळेच्या मैदानावर रोज अर्धा तास सराव करू दे. पुढचा ब्रेक कोणत्या हातात आहे ते त्याला डोळे मिटून सांगता आलं पाहिजे. थांबवण्याची खरी ताकद पुढच्या ब्रेकमध्ये असते, पण तो एकदम दाबला की सायकल डोक्यावरून उलटते. म्हणून दोन्ही ब्रेक एकत्र, आणि दाबताना अंग सीटवर मागे सरकवायचं. खडूने जमिनीवर रेघ मारा आणि ‘या रेघेच्या आत थांब’ म्हणा. आधी कोरड्या जमिनीवर, मग पाणी ओतून. उतारावर ब्रेक सतत धरून ठेवायचा नाही, रिम आणि रबर दोन्ही तापतात. वळणाच्या आधी दाबून वेग कमी करायचा, वळणात सोडायचा. वळणात आतल्या बाजूचं पायडल वर. चेनची निसटलेली कडी, सुटलेला बुटाचा बंद, पँटचा घोळ चेनमध्ये जाणं, यांनी पडलेली मुलं मी बघितलीत, तेव्हा उजव्या पायाला पँटवर एक इलॅस्टिकचा पट्टा शिवून द्या.

पहिल्या रविवारी पहिली दोन वळणं चढायची, थांबायचं आणि तिथूनच उतरायचं. दुसऱ्या रविवारी चार. मित्रांना आधी सांगून ठेवा, तेही थांबतील. पाऊस उघडल्यावर, रस्ता कोरडा झाल्यावरच वरपर्यंत जाऊ द्या. आणि मिस्टरांना सुट्टी असेल त्या रविवारी त्यांना मोटरसायकलवरून मागे मागे जाऊ दे, निदान पहिल्या वेळी.